कर्णिकसाहेबांची हाक

१

हातात जे काही असेल ते बाजूला ठेवा आणि मनाने माझ्याबरोबर पळसदरीला चला. मे महिना आहे. धरणाचं पाणी मागे सरलंय, काठचा चिखल उन्हाने तडकलाय. स्टेशनाकडून येणारी वाट आंब्याच्या बागेपाशी वळते, तिथे लोखंडी फाटक आहे. फाटकातून आत जा, सावलीसावलीने वर चढा. समोर बैठं कौलारू घर, पुढे लांब पडवी. तुम्ही आता जागृती ओव्हाळ आहात. यंदा सातवीत जाल. हातात करवंदांचा द्रोण आहे, कारण दर रविवारी दुपारी तुम्ही कर्णिकसाहेबांकडे इंग्रजी शिकायला येता आणि रिकाम्या हाताने येणं तुम्हाला आवडत नाही.

आता पायऱ्या चढा. सावकाश.

वेताची खुर्ची उलटी पडलेली. साहेबांची काठी, मुठीला पितळी गोळा असलेली, मधोमध मोडलेली. भिंतीवर रक्ताचे शिंतोडे, थेट वाशांपर्यंत. आणि फरशीवर कर्णिकसाहेब. त्यांच्या डोक्याची एक बाजू आत गेली होती. ते डोकं मांडीवर घेऊन जागृतीचे वडील, साहेबांचे माळी चंदर, बसले होते. त्यांचा शर्ट छातीपासून खालपर्यंत लाल झाला होता.

"जागू, वर येऊ नको," ते म्हणाले. "मी खाली पंपावर होतो गं. हाक आली म्हणून धावलो. गेले साहेब."

त्यांनी डोकं हलक्या हाताने खाली ठेवलं, जागृतीला दंडाला धरून पायऱ्यांखाली आणलं आणि मदत बोलवायला ते फाटकाकडे पळाले. ते फाटकापर्यंत पोचलेही नव्हते, तोच बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी ओरडू लागलं.

"चंदरनं सायबाला मारून टाकला! धरा त्याला!"

२

रविवार होता. धरणावर सहलीला आलेली माणसं होती, गावातली होती, शेजारच्या प्लॉटवर कुंपणाचे खांब रोवणारे मजूर होते. सगळ्यांनी फाटकातून बाहेर येणारा, रक्ताने माखलेला माणूस पाहिला आणि कुणालाही काही विचारावंसं वाटलं नाही.

पहिला दगड पाठीत बसला. दुसरा कपाळावर. चंदर हात जोडून काहीतरी सांगत होता, ते जोडलेले हात कुणीतरी काठीने मोडले. तो खाली पडला तेव्हा त्याच्याभोवती पायच पाय होते. एका सहलीच्या पोराने मोबाइल वर धरला होता. जागृती त्या पायांमधून आत शिरायला बघत होती आणि एक बाई तिला मागे ओढत होती. ती पप्पा, पप्पा म्हणून किंचाळत होती, पण त्या गलक्यात तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता.

फौजदार प्रिया शेलार जीपमधून उतरल्या आणि त्यांनी स्वतः काठी चालवून वाट काढली, म्हणून चंदर जिवंत राहिला. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही हात मोडलेत, डोक्याला मार आहे, शुद्धीवर कधी येईल सांगता येत नाही.

प्रियाबाईंनी जागृतीच्या आईला, सुनंदाला, बाजूला घेतलं. त्या कठोर नव्हत्या, पण त्यांनी गोड करूनही सांगितलं नाही. चंदर शुद्धीवर आला की खुनाच्या आरोपाखाली त्याला अटक होणार होती. मरणाऱ्या माणसाने त्याचं नाव घेतलं होतं आणि ते ऐकणारा साक्षीदार होता.

सुनंदा भिंतीला टेकून खाली बसली. जागृती उभीच राहिली.

३

आता हे कर्णिकसाहेब कोण, ते सांगायला हवं.

रसायनीकडच्या एका कारखान्यात ते मोठ्या हुद्द्यावर होते. तरुणपणी काही वर्षं इंग्लंडला राहून आलेले. बायको गेल्यावर पळसदरीला घर बांधून एकटे राहू लागले. त्यांना एकच नाद होता. इंग्रजीत माणसांच्या साध्या नावांवरून जे जुने वाक्प्रचार झालेत, ते कुठून आले हे शोधत बसायचं. आणि शोधलेलं सांगायला त्यांना जागृतीएवढं चांगलं गिऱ्हाईक दुसरं कुणी नव्हतं.

आपण सोम्यागोम्या म्हणतो ना, तसं इंग्रज टॉम, डिक आणि हॅरी म्हणतात. का? तर एके काळी तिथे गल्लीगल्लीत हीच नावं. काम चुटकीसरशी झालं की ते म्हणतात, 'बॉब तुझा मामा आहे.' साहेब सांगायचे, एका पंतप्रधानाने आपल्या भाच्याला मोठी जागा दिली, त्यावरून हे आलं असं लोक म्हणतात, पण पुरावा नाही, आणि ज्याला पुरावा नाही ते आपण 'म्हणतात' असंच सांगायचं. हे सांगताना त्यांचा भाचा सुनील समोर असला की ते डोळा मिचकावत आणि सुनीलचा चेहरा पडे.

त्यांचं सगळ्यात आवडतं नाव जॅक. इंग्लंडात जॉन नावाची इतकी माणसं होती, की त्यांच्या लाडक्या नावाचा, जॅकचा, अर्थच 'कुणीतरी एक माणूस' असा झाला. त्यातही राबणारा माणूस. सगळी कामं करणारा तो सगळ्या धंद्यांचा जॅक. मालकाचे बूट ओढून काढायचं लाकूड आलं, त्यालाही जॅकच म्हणू लागले, कारण आधी ते काम नोकर करायचा. टेंपो पंक्चर झाला की खाली लावतात तो जॅकही त्याच घराण्यातला.

"म्हणजे माणसाच्या जागी लोखंड आलं आणि नाव तेच राहिलं," जागृती म्हणाली होती.

"शाब्बास."

"मग त्या पहिल्या नोकराचं खरं नाव काय होतं?"

"ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, बाळ."

मग तिने आणखी एक प्रश्न विचारला होता, तिच्या वडिलांबद्दल. त्यावर साहेब म्हणाले, "आत जाऊन जरा पाणी आण." कारण साहेब बागेतल्या माणसाला जॅक म्हणत. चंदरच्या आधीच्या माळ्यालाही जॅक आणि त्याच्या आधीच्यालाही. स्वयंपाकाला येणारी बाई जिल. इंग्लंडहून आल्यावर गंमत म्हणून सुरू केलेलं, मग ती सवयच झाली. चंदर घरी हसून सांगायचा, "मी फाटकात शिरलो की इंग्लिश होतो."

४

प्रियाबाईंनी त्याच संध्याकाळी तिघांशी बोलून घेतलं.

पहिला रोहिदास. कुंपणाचे खांब रोवले जात होते तो शेजारचा प्लॉट त्याचाच. मुंबईच्या लोकांना जमिनी दाखवायच्या, सौदे जमवायचे, हा त्याचा धंदा. कडक इस्त्रीचा लांब बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या. घाम पुसत तो म्हणाला, की आपण धरणाच्या बंधाऱ्यावर उभे होतो.

"सायबाचा आवाज आला. 'चंदर, नको मारूस. चंदर, नको मारूस.' दोनदा. माझ्या तर काळजाचं पानी झालं, बाई. धावत रस्त्यावर आलो तर हा फाटकातून बाहेर येतोय, रगतानं भरलेला, तवा मीच वरडलो. तुमीच सांगा, दुसरं काय समजायचं?"

कर्णिकांशी त्याचं बरं नव्हतं, हे त्याने स्वतःहून सांगितलं. प्लॉटला जायला त्याला आंब्याच्या बागेतून रस्ता हवा होता आणि म्हातारा ऐकत नव्हता. "मला कधी फाटकाच्या आत घेतलं नाय. बाहेरूनच बोलायचा, कुत्र्याशी बोलावं तसा. पन म्हनून मी कशाला खोटं बोलू?"

दुसरा सुनील, साहेबांचा भाचा. माथेरानच्या एका हॉटेलात मॅनेजर. मामांच्या मागे घर त्यालाच मिळणार होतं. तो म्हणाला, की आपण दुपारी खाली आलो होतो, पण कर्जतच्या बाजारात जेवलो, मामांकडे पोचलोच नाही. कुठे जेवला ते त्याला नीट सांगता येईना. चंदरबद्दल विचारलं तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "कोण चंदर?"

"तुमच्या मामांचा माळी."

"हां, हां. तो. वाटलं नव्हतं हो त्याच्याकडे बघून."

तिसरी मंगळी, ठाकरवाडीवरून स्वयंपाकाला येणारी. भाकऱ्या टाकून ती दुपारीच घरी गेली होती. गेल्या आठवड्यात साहेबांनी तिला मीठ जास्त झालं म्हणून ताटासकट बाहेर काढलं होतं, हे हवालदाराने आधीच ऐकलेलं. मंगळी त्याच्याकडे बघून म्हणाली, की मिठासाठी मानूस मारायचा तर अर्धी वाडी फासावर जाईल.

तेवढ्यात तपास करणारे शिपाई परत आले. धरणाच्या काठी चिखलात रुतवलेली एक आखूड पहार सापडली होती. तिच्यावर केस चिकटले होते. खांब रोवणाऱ्या मजुरांची एक पहार दुपारपासून मिळत नव्हती, पण प्लॉट उघडाच होता, ती कुणीही उचलली असती. चंदरनेही.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. म्हातारा सुखासुखी मेला नव्हता. काठी मोडेपर्यंत त्याने मारणाऱ्याला झोडपलं होतं. मारणाऱ्याच्या अंगावर पितळी गोळ्याचा गोल वळ असणारच. प्रियाबाई चंदरच्या खाटेपाशी गेल्या, चादर बाजूला केली आणि परत पांघरली. जमावाने त्याच्या अंगावर एवढे वळ उठवले होते, की त्यातला काठीचा कोणता हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

५

सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात जागृती बाकावर बसली होती. आई आत होती. दाराशी शिपाई होता. आतून सिस्टर येऊन त्याला म्हणाल्या, पेशंटने डोळे उघडलेत, अजून बोलत नाही, पण बोलेल. शिपायाने लगेच फोन लावला. प्रियाबाई निघाल्या होत्या. म्हणजे आता अटक.

व्हरांड्यात एक म्हातारी फरशी पुसत होती. कालपासून तीच तिथे होती. काल जागृतीला तिनेच स्टीलच्या पेल्यात चहा आणून दिला होता आणि शेजारी बसून राहिली होती. आता तिला चारी बाजूंनी हाका येत होत्या. मावशी, बादली आणा. मावशी, त्या खाटेखालचं रक्त पुसा. ओ मावशी, ऐकू येत नाही का? म्हातारी प्रत्येक हाकेला वळत होती.

जागृती बघत राहिली. हिला सगळे मावशी का म्हणतात? हिचं नाव कुणालाच माहीत नसणार. आणि ती एकदम बाकावरून उठली.

कालपासून ते वाक्य तिने शंभर तोंडांतून ऐकलं होतं. रस्त्यावर, जीपमध्ये, इथे. 'चंदर, नको मारूस.' कुणालाच ते खटकलं नव्हतं, कारण गावात सगळे तिच्या वडिलांना चंदरच म्हणतात. आजी, काका, किराणावाला, सगळे. तिलाही खटकलं नव्हतं.

प्रियाबाई जिना चढून आल्या तशी ती त्यांच्या आडवी उभी राहिली.

"मॅडम, साहेब असं ओरडलेच नसतील."

"का गं?"

"साहेबांना पप्पांचं नाव माहीतच नव्हतं."

६

प्रियाबाईंनी तिला परत बाकावर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. टॉम, डिक, हॅरी, बूट काढायचं लाकूड, जिल, 'माझ्या पप्पांचं नाव काय?' असं विचारल्यावर साहेबांनी मागितलेलं पाणी, आणि पप्पा फाटकाशी पोचायच्या आधीच रस्त्यावर झालेली ओरड. मध्ये एकदाही त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. मग तिथूनच त्यांनी सुनीलला फोन लावला.

"तुमच्या मामांच्या माळ्याचं नाव काय?"

"जॅक," सुनील चटकन म्हणाला. मग थोडा थांबून, "म्हणजे, तुम्ही काल काहीतरी दुसरं सांगितलंत ना?"

'कोण चंदर?' हा त्याचा प्रश्न रात्रभर प्रियाबाईंना टोचत होता. आता तो का टोचत होता ते कळलं.

दुपारी पडवीत त्यांनी तिघांना बोलावलं. रक्त वाळून काळं पडलं होतं, माश्या घोंगावत होत्या. रोहिदास भिंतीकडे न बघता उभा राहिला. बाह्या आजही मनगटापर्यंत बंद.

"साहेब काय म्हणून ओरडले, तेवढं एकदा सांगा," प्रियाबाई म्हणाल्या. "जसं ऐकलं तसं."

रोहिदासने घसा खाकरला. "चंदर, नको मारूस."

स्वयंपाकघराच्या दारातून मंगळी खुदकन हसली.

"मरताना बरं नाव शिकला सायब," ती म्हणाली. "मी इथं जिल. माझ्या आदी इंदूबाई व्हती, ती बी जिल. शिव्या घातल्या तरी जॅक, आंबं दिलं तरी जॅक. चंदर हे नाव त्यांच्या तोंडात कदी गेलंच नाय."

रोहिदासने सुनीलकडे पाहिलं. सुनील खाली बघत होता.

प्रियाबाई घाईत नव्हत्या. ज्याला हे घर आतून माहीत होतं, त्या प्रत्येकाने खोटं बोलताना 'जॅक' म्हटलं असतं, असं त्यांनी सांगितलं. सुनीलला तर दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. चंदर हे नाव साहेबांच्या तोंडी फक्त तोच घालू शकत होता, ज्याने चंदरला गावात पाहिलं होतं पण जो फाटकाच्या आत कधी आला नव्हता. निदान कालपर्यंत. आणि दुसरं म्हणजे, बंधाऱ्यावरून ही पडवी झाडांमुळे दिसत नाही. चंदर फाटकाशी पोचायच्या आधीच रोहिदास रस्त्यावर ओरडत होता, की साहेबाला मारून टाकलं. मारतोय नाही, मारून टाकलं. माणूस मेलाय हे त्याला कसं कळलं?

"तुमी एका पोरीच्या बोलन्यावर..."

"बाह्या वर करा," प्रियाबाई म्हणाल्या.

तो हलला नाही. मग एकदम हलला. शिपायाला छातीवर धक्का देऊन त्याने पडवीवरून उडी टाकली आणि काल पळाला होता त्याच वाटेने, बागेच्या कडेच्या घायपाताच्या कुंपणाकडे धावला. काल त्याला वाट सापडली होती, आज घाईत सापडली नाही. घायपाताचं टोकदार पान त्याच्या मांडीत बोटभर घुसलं आणि तो तिथेच अडकून गुरासारखा ओरडू लागला. दोघा शिपायांनी त्याला ओढून काढलं तेव्हा शर्टाची बाही उसवली. कोपराच्या वर एक गोल, जांभळा, पितळी गोळ्याएवढा वळ होता. त्याच्या खाली आणखी एक.

जीपमध्ये तो मांडी आवळून बसला होता. रस्त्यासाठी बोलायला आत शिरलो, म्हाताऱ्याने आधी शिव्या दिल्या, मग काठी उगारली, आणि हातात पहार होती, असं त्याने सांगितलं. रक्ताचा शर्ट धरणात बुडवून त्याने गाडीतला दुसरा चढवला होता, आणि बंधाऱ्यावरचं ऐकलेलं सगळं बनवलेलं होतं. एवढं सांगून झाल्यावर तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मी हानत व्हतो आन् तो एकच शब्द ओरडत व्हता. जॅक, जॅक. मला वाटलं, इंग्लिशमदी काय बरळतोय."

साहेब आपल्याजवळ असलेल्या एकाच नावाने माणसाला मदतीसाठी बोलावत होते, आणि खाली पंपावर तो माणूस त्या नावाला ओ देऊन धावत सुटला होता.

७

दवाखान्यात परतल्यावर प्रियाबाईंनी दाराशी बसलेल्या शिपायाला उठवून परत पाठवलं. चंदरच्या मनगटावर, जिथे प्लास्टर नव्हतं तिथे, त्यांनी हात ठेवला आणि पूर्ण नावाने बोलल्या. चंदर शिवराम ओव्हाळ, तुमच्यावर आता कसलाही आरोप नाही. ज्यांनी मारलं त्यांची नावं सहलीच्या एका पोराच्या मोबाइलमधल्या चित्रणावरून काढतोय, एकालाही सोडणार नाही. चंदरचे ओठ सुजले होते. तो काहीतरी पुटपुटला. सुनंदाने कान जवळ नेला आणि हुंदका देत हसली.

"काय म्हणाले?" जागृतीने विचारलं.

"म्हणतात, साहेबांजवळ कोण आहे?"

साहेबांजवळ आता कुणीच नव्हतं, पण ते आईने सांगितलं नाही. तिने चंदरच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं. ते गालावरून ओघळलं, दुसरा चमचा आत गेला.

जागृती थोडा वेळ खाटेच्या कडेला उभी राहिली. मग तिला बाकाखाली ठेवलेला स्टीलचा पेला आठवला. तो तिने नळावर नेऊन राखेने घासावा तसा बोटांनी नीट घासला, विसळला, फ्रॉकला पुसला. व्हरांड्याच्या टोकाला ती म्हातारी फडकं पिळत होती. आतून कुणीतरी तिला मावशी म्हणून हाका मारत होतं.

जागृती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचं नाव काय?"

म्हातारीने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारतेय का म्हणून. मागे कुणी नव्हतं. तिने ओले हात पदराला पुसले.

"जनी," ती म्हणाली. "का गं?"

"काही नाही," जागृती म्हणाली आणि दोन्ही हातांनी पेला पुढे केला. "जनीमावशी, हा तुमचा पेला."